पाण्याखालच्या पोलादासाठी एक छोटा कॅमेरा: ऑलिंपस टफ टीजी-६ आणि पीटी-०५९ हाउसिंग

बुडालेल्या जहाजांवर किंवा समुद्रात मुद्दाम सोडलेल्या पोलादी सांगाड्यांवर डाइव्ह करायची आहे, फोटोही काढायचे आहेत, मग कॅमेरा कोणता घेऊ? हे मला कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. ऑलिंपसचा टफ टीजी-६, त्याचं पीटी-०५९ हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत ठेवायची पाणी न शिरणारी पेटी, आणि एक चांगला व्हिडिओ लाइट. कॅमेऱ्यावरचा खर्च इथे थांबवा आणि उरलेले पैसे डाइव्हवर घाला. मलेशियात मिरी शहराजवळ समुद्रतळावर एका जुन्या तेल-प्लॅटफॉर्मचा सांगाडा आहे. तिथे हा संच मी भरपूर वापरला आहे, आणि पुढचं सगळं त्याच अनुभवावरून लिहितो आहे.

मी नेरूळला राहतो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मची पाण्याखालची तपासणी करण्यात गेली. पाण्यात उतरणारे डायव्हर वेगळे. मी जहाजावरच्या डाइव्ह कंट्रोलमध्ये बसून, डायव्हरच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून येणारं चित्र पाहणारा तपासणी अभियंता. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात हे प्लॅटफॉर्म उभे आहेत. वर दिसतो तो डेक. पाण्याखाली असतो तो जॅकेट, म्हणजे जाड नळ्या एकमेकींना जोडून केलेला पोलादी सांगाडा. नळ्या जिथे एकत्र येतात त्या जागेला नोड म्हणतात, आणि तपासणीतली बरीचशी काळजी त्या नोडच्या वेल्डची असते.

या पोलादावर समुद्र काही महिन्यांत बसतो. बार्नेकल, शिंपले, स्पंज, मऊ प्रवाळ, हायड्रॉइड. आमच्या अहवालात या सगळ्यांना एकच नाव होतं, मरीन ग्रोथ. हार्ड इतके मिलिमीटर, सॉफ्ट इतके मिलिमीटर. ती मोजायची, कारण तिच्यामुळे नळीची जाडी वाढते आणि लाटांचा धक्का तिला जास्त बसतो. मग डायव्हर उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने नोड साफ करायचा. धातू चकाकेपर्यंत. त्यावर चुंबकीय पावडर टाकून भेग शोधायची. पडद्यावर रंगीत तुकड्यांचा ढग उठायचा, थोड्या वेळाने निवळायचा, आणि खाली राखाडी वेल्ड दिसायचा. आम्हाला तो वेल्ड हवा असायचा. ढगात काय गेलं ते पाहायला वेळही नसायचा आणि तसं कारणही नसायचं.

निवृत्तीनंतर मी स्कूबा शिकलो ते त्या ढगात जे होतं ते बघायला. त्यामुळे माझ्या कॅमेऱ्याकडून अपेक्षा अगदी नेमकी होती. संपूर्ण प्लॅटफॉर्म एका फोटोत यावा हा माझा हट्ट नव्हता. मला हवा होता एका नोडवरचा वीतभर भाग, त्यावर राहणाऱ्या प्रत्येक जिवासकट, खऱ्या रंगात.

मिरीबद्दल थोडं सांगायला हवं. बोर्निओ बेटावरच्या साराव्हाक राज्यातलं हे तेलाचं गाव. मलेशियातली पहिली तेलविहीर इथल्याच टेकडीवर १९१० साली खोदली गेली, आणि ती अजून जपून ठेवली आहे. डाइव्ह नसेल त्या दिवशी जरूर जा; आमच्या धंद्यातल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर फार बरं वाटतं. २००४मध्ये बाराम-८ या प्लॅटफॉर्मचा सांगाडा मिरीजवळच्या समुद्रात कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून ठेवला गेला. केन्यालांग रेक या नावाने डायव्हर ती जागा ओळखतात; रेक म्हणजे समुद्रतळावरचं बुडालेलं जहाज किंवा सांगाडा. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात असे पाचशेहून अधिक प्लॅटफॉर्म कृत्रिम भिंती झाले आहेत, पण नवी मुंबईहून तिथे जाणं आणि क्वालालंपूरमार्गे मिरीला जाणं यांत फार अंतर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळा, त्या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे तिथला समुद्र खवळलेला असतो. आणि क्वालालंपूरला पासपोर्टवर शिक्का बसला असला तरी साराव्हाकमध्ये उतरताना तो पुन्हा दाखवावा लागतो, तेव्हा तो हाताशी ठेवा.

आता कॅमेरा.

पाण्याखालच्या फोटोचा सगळा खेळ लेन्स आणि वस्तू यांच्यामध्ये किती पाणी आहे यावर चालतो. पाणी आधी लाल रंग खातं. पाच-सहा मीटरवरच लाल बराचसा गेलेला असतो, पाठोपाठ नारिंगी जातो, आणि पंधरा मीटरवर डोळ्यांना सगळं निळं-हिरवं-करडं दिसू लागतं. लाइट लावला तरी त्याचा प्रकाश वस्तूपर्यंत जाताना आणि परत येताना पुन्हा पाण्यातूनच जातो. म्हणजे वस्तू एक मीटरवर असेल तर दोन मीटर पाण्याची चाळण. शिवाय पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण तो प्रकाश परत फेकतो आणि फोटोवर पांढरे ठिपके उठतात. डायव्हर त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. किमती लेन्सने हे पाणी कमी होत नाही. जवळ गेल्याने होतं.

आणि जवळ जाण्यात टीजी-६ची बरोबरी करणारा, एवढ्या आकाराचा दुसरा कॅमेरा मी तरी वापरलेला नाही. त्यात मायक्रोस्कोप नावाचा मोड आहे. त्यात लेन्सपासून अवघ्या एका सेंटिमीटरवरची वस्तू फोकस होते, आणि ती झूम पूर्ण वाढवलेला असतानाही होते. इतर छोट्या कॅमेऱ्यांचा मॅक्रो झूम वाढवला की हात टेकतो. या एका गोष्टीसाठी मी हा कॅमेरा घेतला. तांदळाच्या दाण्याएवढा जीव पडदाभर येतो. हाउसिंगच्या काचेची जाडी मध्ये असते हे लक्षात घ्या. पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरचा हाउसिंगचा काचेचा भाग, वस्तूला जवळजवळ टेकलं तरी फोकस लागतो, आणि तेव्हा अडचण प्रकाशाची होते, कारण पोर्टची सावली वस्तूवर पडते. म्हणून मी एक सेंटिमीटरचा आग्रह सोडून पाच-सहा सेंटिमीटरवर राहतो आणि झूमने जवळ जातो. लाइटला आत शिरायला तेवढी फट मिळते.

पडदा हा या कॅमेऱ्याचा मोठा आधार. वयोमानाने जवळचं दिसायला मला चष्मा लागतो, आणि मास्कमध्ये तो नसतो. समोरच्या पोलादावर मला नुसता डाग दिसत असतो आणि पडद्यावर त्याच डागाला दोन शिंगं आणि पाठीवर कल्ल्यांचा झुपका असतो. पन्नाशीच्या पुढच्या डायव्हरांनी मास्कला जवळच्या नंबरची काच बसवून घ्यावी हे आहेच, तरी पहिली ओळख मला पडद्यानेच करून दिली.

सेन्सर लहान आहे, १/२.३ इंचाचा, १२ मेगापिक्सेलचा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवला की दाणे दिसतात. मी ४००च्या पुढे जाऊ देत नाही. सेटिंगमध्ये शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायची सोय, नाही, पूर्ण मॅन्युअल नाही. अॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते ठरवायची सोय, आहे, पण वाइडला, म्हणजे झूम न करता, त्यात पर्याय तीनच, एफ २, २.८ आणि ८, आणि त्यातला आठचा फिल्टर लावून साधलेला. हौशी फोटोग्राफरांना हे टोचतं. थव्याने जाणाऱ्या माशांचा वेग गोठवायचा असेल किंवा मागचं पाणी हवं तितकं गडद करायचं असेल तर हात बांधल्यासारखे होतात. माझ्या कामात, म्हणजे न हलणाऱ्या किंवा मिनिटाला बोटभर सरकणाऱ्या जिवांच्या फोटोत, याने क्वचितच अडलं. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, मिळते, ती मात्र जरूर चालू करा. निळ्या पाण्यातून रंग परत काढायला जेपीजीमध्ये फारशी जागा उरत नाही.

पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल सावरण्याची सेटिंग, तीन खोलींसाठी तयार दिलेला आहे: उथळ, मधला, खोल. लाइट न लावता दूरचं दृश्य घेताना त्यांचा उपयोग होतो. लाइट लावून जवळचं घेताना ते लावू नका. कॅमेरा गेलेला लाल परत आणायला जातो, तुमचा लाइट तो आधीच आणून देत असतो, आणि प्रवाळ भडक गुलाबी दिसतं. लाइटबरोबर मी साधा सूर्यप्रकाशाचा व्हाइट बॅलन्स ठेवतो.

संपूर्ण सांगाडा टिपण्याच्या बाबतीत या संचाला मर्यादा आहे आणि ती घेण्याआधी समजून घ्यावी. लेन्स वाइडला २५ मिलिमीटरची. हाउसिंगची सपाट काच आणि त्याबाहेर पाणी, यामुळे दृश्याचा कोन आक्रसतो आणि ती ३३ मिलिमीटरच्या आसपासची होऊन बसते. याच कारणाने मास्कमधून आपल्यालाही मासा एक-तृतीयांश मोठा दिसतो. जॅकेटचा एक पाय आणि त्याला येऊन मिळणारी तिरपी ब्रेस, म्हणजे आधाराची नळी, एवढं फ्रेममध्ये घ्यायला मला इतकं मागे जावं लागे की मध्ये पाण्याचा निळा पडदाच उभा राही. हाउसिंगच्या पोर्टपुढे पाण्यातच चढवता-उतरवता येणारी वाइड लेन्स मिळते. मी ती घेतली नाही. ज्यांना रेकची भव्यता हवी आहे त्यांनी घ्यावी, किंवा सरळ अॅक्शन कॅमेऱ्याने व्हिडिओ करावा.

लाइट की स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश, यावर डायव्हरांत कायम वाद. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश हाउसिंगच्या आतून थेट वापरू नका. पोर्टची सावली आणि बॅकस्कॅटर दोन्ही मिळतात. त्या फ्लॅशने फायबरच्या केबलमधून बाहेरचा स्ट्रोब पेटवता येतो आणि फोटोचा दर्जा स्ट्रोबनेच चांगला येतो, यात शंका नाही. तरी नवख्याला मी व्हिडिओ लाइटच सुचवतो, कारण जे दिसतं तेच फोटोत येतं. लाइट एका लवचिक दांड्यावर, कॅमेऱ्याच्या डावीकडे वर, आणि रोख वस्तूच्या थोडा पलीकडे. मधल्या पाण्यावर प्रकाशाचा झोत पडू द्यायचा नाही. आमच्या हेल्मेट कॅमेऱ्याचा दिवा त्याच्या अगदी शेजारी बसवलेला असे, त्यामुळे गढूळ पाण्यात पडद्यावर नुसतं पांढरं धुकं यायचं आणि मी वरून डायव्हरला 'दिवा हातात घेऊन बाजूला धर' असं सांगायचो. तीच गोष्ट इथे उपयोगी पडली.

सरावाला नवी मुंबई अगदी सोयीची आहे, समुद्र सोडून. खाडीच्या पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. पण करावे जेट्टीवर ओहोटीला जा. चिखलात निवट्या उड्या मारत असतात, एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे असतात, आणि जेट्टीच्या खांबांवर बार्नेकल गच्च बसलेले असतात. कॅमेरा हाउसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत पाणी झेलतो, त्यामुळे चिखल लागला तर घरी येऊन नळाखाली धरायचा. लेन्सभोवती बसणारी एलजी-१ नावाची कडी मिळते. कॅमेऱ्याच्या पुढचा एलईडी ती गोल पसरवते. ती लावून मी बार्नेकलच्या तोंडाशी असलेल्या पाकळ्या टिपल्या. मायक्रोस्कोप मोडमध्ये श्वास रोखून हात स्थिर ठेवायची सवय तिथे लागली, आणि पाण्याखाली गेल्यावर ती मोडावी लागली, कारण स्कूबात श्वास रोखायचा नसतो. श्वास सोडून फुप्फुसं रिकामी होत असतात त्या सावकाश क्षणात बटण दाबायचं.

जेट्टीवरच्या एका कोळी काकांना मी नंतर मिरीचे फोटो दाखवले. त्यांनी अंगठ्याने पुढे-मागे करत सगळे पाहिले, गोब्रा दिसल्यावर थांबले. म्हणाले, "साहेब, समुद्रात खांब असला की त्याच्या पायाशी मासा असनारच. ओएनजीसीच्या खांबांजवळ किती असंल! पन आमाला जवळ जाऊन देत न्हाईत." प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र असतं आणि ते असायलाच हवं. पण खांबाखालचा मासा त्यांना न बघता ठाऊक होता, आणि मी पडद्यावर रोज बघत असूनही अहवालात त्याला कधी रकाना ठेवला नव्हता.

पूलमधला सराव कमी लेखू नका. हातात कॅमेरा आला की चांगल्या चांगल्या डायव्हरची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगण्याचा तोल, बिघडते. लक्ष पडद्यात, आणि पाय कुठे आपटतायत याचा पत्ता नाही. तळाच्या फरशीपासून वीतभर वर तरंगत राहून फरशीच्या एकाच फटीचा फोटो पुन्हा पुन्हा घ्यायचा, हा माझा गृहपाठ. तो जमल्याशिवाय हा कॅमेरा समुद्रात नेऊ नका असं मी अगदी कळकळीने सांगेन, कारण गंजलेल्या पोलादावर तुमचा फिन आपटला तर तुटतं ते वीस वर्षांत वाढलेलं प्रवाळ. ओपन वॉटर प्रमाणपत्रावर १८ मीटर ही मर्यादा आहे. रेकवर जायचं तर अॅडव्हान्स्ड करून जा, म्हणजे ३० मीटरपर्यंतचं प्रशिक्षण गाठीशी राहतं.

केन्यालांगवर दोरीने उतरताना पहिल्यांदा काही दिसत नव्हतं. दृश्यता दहा-बारा मीटर असेल. मग खालून एक रेघ वर आली, तिला दुसरी तिरपी मिळाली, आणि मला आकार ओळखू आला. पाय, आडवी ब्रेस, तिरपी ब्रेस. इतकी वर्षं ड्रॉइंगवर आणि पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेली गोष्ट समोर पूर्ण उभी होती. मी गाइडला थांबायची खूण केली आणि काही वेळ नुसता पाहत राहिलो.

पडद्यावर न येणारी गोष्ट म्हणजे आकारमान. जॅकेटच्या नळीला मिठी मारली तर हात एकमेकांना पोचणार नाहीत हे मला आकड्यात माहीत होतं. शेजारी तरंगताना ते शरीराला कळतं. नळ्यांमधून ट्रेव्हली माशांचा थवा वळणं घेत जात होता, चंदेरी, एकाच वेळी सगळे वळणारे. बॅटफिश माणसाला घाबरत नाहीत, ते मागेमागे येतात. ब्रेसच्या सावलीत लायनफिश उलटा टांगल्यासारखा होता. यांचे फोटो मी काढले, ते आठवणीपुरते ठीक आहेत. थवा या कॅमेऱ्याच्या आवाक्यातला नाही.

मग मी सोळा मीटरवरच्या एका नोडपाशी थांबलो. डोळ्यांना तो तपकिरी-करडा लोळा दिसत होता. लाइट लावला.

लाल स्पंज, शेंदरी स्पंज, पिवळा. मऊ प्रवाळाच्या फांद्या जांभळ्या, त्यांच्या देठाच्या आत काचेसारख्या पांढऱ्या काड्या दिसतात, त्या चुन्याच्या असतात. हायड्रॉइडची पिसं, ती झोंबतात, त्यांना लागू नका. वेल्ड कुठे असणार हे मला ठाऊक होतं. दोन नळ्यांच्या बेचक्यात, जिथे आमचा डायव्हर आधी फवारा धरायचा, नेमकं तिथेच सगळ्यांत दाट वस्ती होती. बेचक्यात प्रवाह मंद पडतो, अन्नाचे कण रेंगाळतात, मोठ्या माशाचं तोंड पोचत नाही. गाइडने दांडीने एका जागी दाखवलं. न्यूडिब्रँक, कवच नसलेली समुद्री गोगलगाय, निळसर, अंगावर काळ्या रेघा आणि कडेला नारिंगी पट्टी. क्रोमोडोरिस गणातली. मिरी या गोगलगायींसाठी डायव्हरांत प्रसिद्ध आहे, आणि मी मिरी निवडलं त्यात त्यांचा वाटा होता. जवळच स्पंजावर नागमोडी फितीची गुंडाळी होती. ती गोगलगायीची अंडी. मायक्रोस्कोप मोड, झूम पूर्ण, लाइट बाजूने. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर फितीतले ठिपके सुटे सुटे मोजता येतात. बारा मेगापिक्सेलच्या, मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्याकडून यापेक्षा जास्त मी काही मागत नाही.

आमच्या मोजणीत तो नोड 'सॉफ्ट ग्रोथ शंभर टक्के' झाला असता. त्या दोन शब्दांत किती जीव होते ते या फोटोंत आहे. बॉम्बे हायवर ती साफसफाई करावीच लागते, वर माणसं काम करत असतात, आणि मी आजही तो नोड साफ करायलाच सांगेन. पण प्लॅटफॉर्मचं आयुष्य संपल्यावर त्याचं काय करायचं, या प्रश्नावर माझं मत या डाइव्हनंतर पक्कं झालं: डेक, तेल, रसायनं सगळं काढून, नीट धुऊन, ज्यांचा सांगाडा समुद्रात ठेवता येण्यासारखा आहे तो ठेवावा. भंगाराच्या भावात मोजता येत नाही असं बरंच काही त्याच्यावर राहत असतं.

एक गोष्ट फोटो काढणाऱ्यांना सांगायची आहे. समुद्रात गेलेला प्रत्येक सांगाडा हा कृत्रिम प्रवाळभिंत नसतो. २७ जुलै २००५ला, मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली असताना, बॉम्बे हाय नॉर्थचा बीएचएन प्लॅटफॉर्म गेला. समुद्र सुरक्षा हे जहाज त्याच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळाकडून वर गॅस आणणाऱ्या नळीवर, आदळलं, गॅस पेटला, दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसं गेली. आमच्या पिढीतल्या कुणालाही ती तारीख सांगावी लागत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे टेक्सास टॉवर ४ नावाचा हवाई दलाचा रडारचा प्लॅटफॉर्म १५ जानेवारी १९६१च्या वादळात पडला, त्यावरचे सगळे २८ जण गेले; अतिखोल डाइव्ह करणारे आज तिथे उतरतात. अशा ठिकाणी कॅमेरा नेऊच नये असं मी म्हणत नाही. पण तिथे कोण होतं ते आधी वाचून जा, आत शिरून वस्तू हलवू नका, आणि फोटोखाली त्या माणसांची आठवण लिहा. बाराम-८चा सांगाडा भिंत व्हावी म्हणूनच तिथे नेऊन ठेवलेला आहे, म्हणून तिथे मी मोकळ्या मनाने फोटो काढले.

आपल्याकडेही अशी जागा होऊ घातली आहे. जानेवारी २०२४मध्ये निवृत्त झालेलं नौदलाचं आयएनएस गुलदार हे जहाज सिंधुदुर्गात निवती रॉक्सजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम भिंत करण्याचा महाराष्ट्र शासनाचा प्रकल्प आहे. ठाण्या-नवी मुंबईचे डायव्हर एका रात्रीच्या प्रवासात तिथे पोचतील. नव्या पोलादावर पहिली काही वर्षं काय काय येऊन बसतं, कोण आधी येतं, कोण त्याला हुसकावतं, हे एकाच जागी परत परत जाऊन टिपण्यासारखं काम आहे, आणि त्याला हाच कॅमेरा पुरेल. एक रेलिंग किंवा एक बोल्ट निवडायचा, दर हंगामात त्याच कोनातून फोटो. तपासणीत आम्ही हेच करायचो.

हाउसिंगच्या देखभालीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेत इथेच घोळ होतो. पीटी-०५९ ४५ मीटरपर्यंत चालतं. दोन अर्ध्यांच्या मध्ये एक रबरी ओ-रिंग, तीच काय ती तुमच्या आणि समुद्राच्या मधली भिंत. ती काढायची, बोटावर फिरवून केस किंवा वाळूचा कण लागतो का पाहायचं, खाच कापडाने पुसायची, आणि सिलिकॉन ग्रीस अगदी चमक येण्यापुरतं. जास्त ग्रीस लावलं की त्याला धूळ चिकटते. धागे सुटणारा टॉवेल जवळ ठेवू नका. जून-जुलैत नेरूळच्या दमट हवेत हाउसिंग बंद केलं तर ती दमट हवा आत अडकते आणि थंड पाण्यात काचेवर धुकं धरते. एसी लावलेल्या खोलीत, खोली कोरडी झाल्यावर बंद करा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा. आमच्याकडे डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी बेडरूमचा दरवाजा बंद असतो आणि बायको विचारते, "अहो, तुमचं ऑपरेशन झालं का? दिवा मालवू?" डाइव्हनंतर अख्खा संच गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबायची, म्हणजे स्प्रिंगमधलं मीठ निघतं.

बॅटरी एका चार्जवर साधारण ३४० फोटो देते असं कंपनी सांगते. पडदा सतत चालू, मध्ये व्हिडिओ, असं असेल तर मी ती दोन डाइव्हनंतर बदलतोच. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या, मिरीहून परतीचं तिकीट काढतानाच हे मोजा.

टीजी-६ २०१९चा. २०२३मध्ये ओएम सिस्टम या नावाने टीजी-७ आला. सेन्सर आणि लेन्सची मापं तीच, चार्जिंगला यूएसबी-सी, उभा व्हिडिओ आणि काही बारीक सुधारणा. पीटी-०५९ त्यालाही बसतं. नवा घेणार असाल तर टीजी-७ घ्या. जुना चांगला मिळत असेल तर टीजी-६ ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. माझा संच ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका तरुण डायव्हरकडून घेतलेला आहे. त्याने मोठा मिररलेस घेतला आणि हा विकायला काढला. अशी खरेदी करताना कॅमेऱ्याच्या दोन्ही झडपा उघडून आतली रबरं पाहा, भेगा किंवा पांढरं मीठ असेल तर सोडून द्या. हाउसिंगच्या पोर्टवर ओरखडा आहे का ते तिरप्या प्रकाशात पाहा. मग हाउसिंग रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून, बादलीत वजन टाकून अर्धा तास बुडवा आणि तेवढ्या वेळात प्रत्येक बटण दाबा. टिश्यू कोरडा निघाला तर पुढच्या वेळी तसंच रिकामं हाउसिंग खऱ्या डाइव्हवर खोल न्या. तिथूनही कोरडं आलं तरच कॅमेरा आत घाला. विकणारा याला तयार नसेल तर दुसरा विकणारा शोधा. आणि ओ-रिंग, ती कितीही चांगली दिसो, नवी घ्या.